भागोजीचं गाऱ्हाणं आणि नातेसंबंध सप्ताह

आमच्या इस्पितळात नर्स आणि पेशंट यांच्यात नातं निर्माण करायचं ठरलं. सोमवारी ठरलं, आणि शुक्रवारपर्यंत ते निर्माण व्हायला हवं होतं, कारण शुक्रवारी मुंबईहून विश्वस्तसाहेब बघायला येणार होते.

त्याआधी आमच्यात काही नातं नव्हतं असं समजायचं. मी इतकी वर्षं पुरुषांच्या वॉर्डात माणसांना आंघोळीला पिटाळतेय, गालात लपवलेल्या गोळ्या शोधतेय, शिव्या खातेय आणि कुणाच्या घरून आंबोशी आली तर तीही खातेय, हे सगळं बहुधा शेजारधर्म म्हणून चाललं होतं.

रत्नागिरीबाहेर हातखंब्याच्या रस्त्याला असलेलं आमचं इस्पितळ ट्रस्टचं आहे. ट्रस्टला सप्ताहाची फार हौस. मागे स्वच्छता सप्ताह झाला तेव्हा आठवडाभर सगळे झाडू घेऊन फोटो काढत होते, त्यामुळे झाडायला झाडूच मिळेना. आता नातेसंबंध सप्ताह. दारात थर्माकोलचं मोठं हृदय लावलं. त्यात उभं राहून नर्सने पेशंटबरोबर फोटो काढायचा. आमच्या अयूबचाचांनी हृदयाला एकदा हात लावून बघितला आणि म्हणाले, "साबेरा, मच्छीच्या पेटीचा थर्माकोल हाय. वास येतो." खरंच येत होता. अयूबचाचा पंचवीस वर्षं खलाशी होते, आता पेशंट आहेत. मच्छीच्या बाबतीत त्यांना कसलाही भ्रम होत नाही.

सप्ताहाचं उद्घाटन डॉक्टर ऋत्विक यांच्या व्याख्यानाने झालं. डॉक्टर पुण्याचे. वयाने तरुण, स्वभावाने चांगले, फक्त पुस्तकात लिहिलंय तसंच जग असावं असा त्यांचा आग्रह. ते म्हणाले, "सायकोसिसच्या पेशंटला आवाज ऐकू येतात, भ्रम होतात. आपण त्या भ्रमाला 'हो' म्हणायचं नाही. आणि 'नाही, खोटं आहे' म्हणून वादही घालायचा नाही."

आमच्या वॉर्डातल्या मथुरामावशी मागच्या बाकावरून म्हणाल्या, "मंग म्हनायचं काय?"

"तटस्थ राहायचं. त्याला होणारा त्रास समजून घ्यायचा."

"म्हंजे 'बघूया' म्हनायचं," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा पेंगायला लागल्या.

कोकणातल्या माणसाला हे शिकवायला पुण्याहून डॉक्टर आणला! आमच्याकडे तुम्ही कुणालाही विचारा, जमिनीचा हिस्सा कधी करणार? लग्नाला येणार का? बोट कधी सुटणार? 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. 'बघूया.' आमची अख्खी किनारपट्टीच तटस्थ आहे.

मेट्रनबाईंनी प्रत्येकीला एकेक पेशंट वाटून दिला. माझ्या वाट्याला भागोजी आला. म्हणजे तो होताच माझ्या वाट्याला, आता अधिकृत झाला.

भागोजी पालीच्या आतल्या गावचा, भातशेतीवाला. त्याच्या घराला गावात मान होता, गाऱ्हाणं घालायचा. शिमग्यात देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या कट्ट्यावर बसली, की गावाच्या वतीने एक माणूस उभा राहतो आणि देवाला मोठ्याने सगळं सांगतो. कोण आजारी, कुणाचा पोरगा मुंबईला, कुणाची म्हैस आटली. प्रत्येक मागणीनंतर सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" हे बोलणं भागोजीच्या बापाकडे होतं, आज्याकडे होतं, मग भागोजीकडे आलं. लोक सांगतात, भागोजी गाऱ्हाणं घालायला लागला की देवालासुद्धा मधे उठून जाता येत नसे.

गाऱ्हाणं घालण्यात काही वेड नाही. अख्खं कोकण घालतं. घोटाळा झाला तो देव उलट बोलायला लागला तेव्हा. तसा देव गावातही उत्तर देतो, मूर्तीला लावलेल्या पाकळ्या पाडून. पाकळीने उत्तर दिलं तर कौल, कानात दिलं तर ओपीडी.

आणि ते उत्तरही गोड नव्हतं. भागोजीच्या कानातला देव दिवसरात्र खेकसायचा. जेवू नकोस, भातात विष आहे. झोपू नकोस, चुलतभाऊ टपलाय. एके दिवशी देवाने सांगितलं की चुलतभाऊ सदूच्या छपरावरच्या डिशमधून गावाची गुपितं चिपळूणला जातात. भागोजीने कोयत्याने डिश उतरवली. चिपळूणला त्यांच्या गावाच्या गुपितांचं काय करायचं होतं, हे देवाने सांगितलं नाही. सदूने त्याला जीपमध्ये घालून आमच्याकडे आणलं तेव्हा भागोजी म्हणजे नुसता हाडांचा सापळा होता. त्याची बायको सखू मागे बसली होती, आणि तिने तो कोयता पदराखाली लपवून इथपर्यंत आणला होता, कारण घरी ठेवायची भीती वाटत होती. गेटवर वॉचमनने तो काढून घेतला आणि आता तो आमच्या बागेतले नारळ त्या कोयत्यानेच सोलतो.

सुरुवातीला भागोजी माझ्या हातचं पाणीही पीत नसे. मी आधी स्वतः घोट घ्यायची, मग त्याने. असं पुष्कळ दिवस चाललं. एकदा त्याने विचारलं, "सिस्टर, तुमास्नी ऐकू येतोय काय तो?"

"नाही हो, भागोजीभाऊ. मला नाही येत. पण तुम्हाला येतो आणि त्याने तुमचा जीव मेटाकुटीला येतो, हे मला दिसतंय."

त्याने माझ्या हातातली गोळी उचलून उजेडात धरून बघितली. मग म्हणाला, "तुमी मुसलमान. तुमास्नी कसा ऐकू येनार?" आणि गोळी घेतली. नातं निर्माण झालं असेल तर त्या दिवशी झालं. थर्माकोल नव्हता.

औषधाने हळूहळू देवाचा आवाज खाली आला. भागोजी जेवायला लागला, झोपायला लागला, चाचांबरोबर पत्त्यात हरायला लागला. आता त्याला एकच ध्यास होता, शिमग्याच्या पौर्णिमेला गावात असायचं. गेल्या वर्षी आजारपणामुळे त्याच्या बदली सदूने गाऱ्हाणं घातलं होतं; यंदाही तो तिथे नसला तर मान कायमचा सदूकडे जाणार होता. एकदा गेलेला मान कोकणात परत येत नाही. कोर्टात जमीन परत मिळते, मान नाही. डॉक्टर म्हणाले होते, शुक्रवारी समितीपुढे ठेवू आणि सोडू. पौर्णिमा रविवारी होती.

म्हणजे सगळं व्यवस्थित चाललं होतं. तेव्हाच नळाचं पाणी गेलं.

बुधवारी सकाळपासून पंप बंद. पेशंट दात न घासता रांगेत, संडासाची कथा तर सांगायलाच नको. प्लंबर पालीहून निघालाय असं सकाळपासून सांगत होता आणि दर वेळी निघतच होता. जेवणाच्या हॉलमध्ये थाळ्या वाजायला लागल्या. एकाने दुसऱ्याची कॉलर धरली. मथुरामावशी वैतागून म्हणाल्या, "आता देवालाच गारानं घाला!"

भागोजी उठला. डोक्याला टॉवेल गुंडाळला. हात जोडले. आणि त्या किरट्या माणसाच्या छातीतून असा आवाज निघाला की थाळ्या आपोआप थांबल्या.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा हॉल.

"आज जी काय तुजी लेकरं हितं येका छपराखाली जमली हायत, कोन पालीचा, कोन गुहागरचा, कोन आपनहून आला, कोनाला बांधून आनला..."

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या तोंडाला सकाळधरनं पानी न्हाय म्हाराजा! तो जो काय पलंबर वाटंत कुटं च्या पीत बसला आसंल, त्येला तितनं उठव, आनि ह्या नळाला धार लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यात वॉर्डबॉय होते, स्वयंपाकी होता, मेट्रनबाई होत्या. ठरवून कोणी म्हणत नाही हो. शिंक आल्यासारखं येतं ते. लहानपणापासून कानावर पडलंय. माझ्याही तोंडून निघालं, फक्त माझ्या तोंडून निघालं "आमीन". अयूबचाचांनीही "आमीन" म्हटलं, तेही असं दणक्यात की पिंपावरचं झाकण हललं.

आणि नळातून खर्र्र करून पाणी आलं.

प्लंबर मागच्या दाराने येऊन कधीच पंपाला लागला होता, हे नंतर कळलं. पण त्या क्षणी हॉलमध्ये जो जल्लोष झाला! चाचा भागोजीला म्हणाले, "भागोजी, माज्या कुवेतच्या व्हिसाचं पन बोल!" मथुरामावशींनी त्याच्या पायाला हात लावला. आणि दारात डॉक्टर ऋत्विक उभे होते.

त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा फिरून बघितलं. पेशंट, नर्स, स्वयंपाकी. मग त्यांच्या चेहऱ्यावर पुस्तकातलं एक पान उघडलं. भ्रम एकाकडून दुसऱ्याला लागतो, त्याला नाव आहे. घरातल्या दोघाचौघांना झाल्याची उदाहरणं आहेत. स्वयंपाकघरासकट अख्ख्या वॉर्डला झाल्याचं जगात पहिलंच असणार. डॉक्टर थोडे घाबरलेही होते आणि थोडे खूशही दिसत होते.

"सिस्टर, तुम्हीसुद्धा?" त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं.

"डॉक्टर, मी आमीन म्हटलं."

"दोन्हीचा अर्थ एकच ना?"

"असेल. पण हे तुम्ही गावात कुठे बोलू नका."

"ही चेष्टा नाही. भ्रमाला होकार द्यायचा नाही, हे मी परवाच शिकवलं. तो माणूस देवाशी बोलतोय आणि तुम्ही सगळे 'हो' म्हणताय!"

"डॉक्टर, तो आजार नाही. ते त्याचं काम आहे."

"मग आजार कुठे संपतो आणि काम कुठे सुरू होतं, ते सांगा मला."

आता हे खरं सांगायचं तर मलाही नेमकं सांगता येईना. मी म्हटलं, "बघूया." त्यांनी मला मेमो दिला, आणि भागोजीच्या सुटकेचा निर्णय समितीवर सोडला. म्हणाले, "शुक्रवारी त्याने समितीपुढे नीट उत्तरं दिली पाहिजेत."

हे सदूला कसं कळलं देव जाणे. भागोजीचा देव नव्हे, दुसरा. गुरुवारी तो आला, सखूच्या मागोमाग. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि आवाज असा मऊ की त्याला शहाळ्याची मलई म्हणावं.

"सिस्टर, घाई नको हो. ऱ्हाऊं दे त्येला हितंच. पंखा हाय, टीवी हाय, वेळेवर जेवान हाय. गावात काय हाय?"

"गावात शिमगा आहे, सदूभाऊ."

"तो मी बघीन ना. माज्यावर सोडा."

सखूने पदर खोचला. ती फाटकन म्हणाली, "गेल्या सालात सोडला व्हता तुमच्यावर. गाराण्यात वरची वाडीच इसरलंव. सगळी वाडी पालखी टाकून घरी गेली!"

"एकच वाडी ती," सदू म्हणाला. "आनि तशी लांबच हाय."

सदू गेल्यावर मी भागोजीला बाकड्यावर बसवलं. सखूही बसली. मी म्हटलं, "भागोजीभाऊ, उद्या साहेबांनी विचारलं, आवाज येतात का, तर 'नाही' म्हणायचं. देवाशी बोलता का, तर 'नाही' म्हणायचं. दोन 'नाही' म्हणा आणि घरी जा."

भागोजी हसला. "सिस्टर, सा महिनं तुमी माज्या गालात बोट घालून बगत व्हतंव, गोळी लपवली काय म्हनून. आता तुमीच सांगता लपवा?"

 सखूने माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर नारळ बघायला लागले. तिथे वॉचमन भागोजीच्या कोयत्याने नारळ सोलत होता.

"आनि देवाशी बोलत न्हाय म्हनून सांगून गेलो," भागोजी म्हणाला, "तर सहानंवर उबा ऱ्हाऊन करू काय? बातम्या वाचू?"

शुक्रवारी विश्वस्तसाहेब आले. मूळचे गुहागरकडच्या हेदवीचे, पण ते त्यांनी कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलेलं. गाडीतून उतरल्यापासून इंग्रजीच. थर्माकोलच्या हृदयात उभे राहिले आणि फोटो निघता निघता नाकाला रुमाल लावला. रांगोळी बघितली. मग समिती बसली, साहेब, डॉक्टर, मेट्रनबाई. मी भागोजीची नर्स म्हणून, सखू आणि सदू घरचे म्हणून. चाचा आणि बाकीचे पेशंट खिडकीच्या गजांना बाहेरून लटकले, आपणहून म्हणून.

साहेबांनी विचारलं, "आवाज येतात?"

मी मनात दोन 'नाही' म्हणून घेतले.

"येतो," भागोजी म्हणाला.

सदूच्या चेहऱ्यावर दोन दिवस आधीच शिमगा साजरा झाला.

"पन आता लांबून येतो, सायेब. शेजारच्या घरात रेडिओ लावल्यागत. आदी माज्याच घरात लागायचा, बंद व्हायचा न्हाय. आता तो काय बी सांगू दे, मी उत्तर देत न्हाय. लय झाला तर सिस्टरला जाऊन सांगतो. गोळी खातो. झोपतो."

डॉक्टर पुढे वाकले. मला वाटलं, आता संपलं. पण ते साहेबांना म्हणाले, "हे उत्तर चांगलं आहे, सर. 'नाही' म्हणाला असता तर मला काळजी वाटली असती."

मी पुन्हा खिडकीबाहेर नारळ बघितले.

सदूने घसा खाकरला. "सायेब, पन परवा ह्येनं जेवनाच्या हॉलात देवाला गारानं घातलान! सगळ्यांच्या समोर!"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "हो सर. तो प्रश्न आहेच. मला तिथे आजार कुठला आणि रीत कुठली ते कळलं नाही."

"What exactly did he do?" साहेब म्हणाले. "करून दाखवा बघू. आहे तसं."

भागोजीने माझ्याकडे बघितलं. काय सांगू? 'हो' म्हणावं तर मेमो, 'नाही' म्हणावं तर मान गेला. मी खांदे उडवले. तटस्थ.

त्याने टॉवेल डोक्याला गुंडाळला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खिडकीतून.

"आज ह्या तुज्या दरबारात मुंबयवरनं जो काय मोटा सायेब आलाय, ज्येच्या हातून कारबार चाललाय, त्या सायेबाच्या गाडीला, घराला, बालबच्च्याला यश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज समोरून आला होता. साहेब खुर्चीतून उठले होते. हात जोडलेले, डोळे मिटलेले, मान खाली. सगळं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. हेदवी वर आली.

"हा जो तरणा डाक्टर पुण्यावरनं आलाय, घरादारापासून लांब ऱ्हातोय, मेसचं जेवान जेवतोय, त्येच्या पोटाला आराम पडू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" डॉक्टरांचे ओठ हलले. मी शपथेवर सांगते. मेसचं जेवण फार वाईट आहे.

"ह्या सिस्टरनं बहिनीसारकी माजी उस्तवार केली, तिचा घरधनी दर्यावर हाय, त्येला सुकरूप घरी आन म्हाराजा!"

"आमीन!" चाचा गरजले. मी हातातली भागोजीची फाईल चेहऱ्यासमोर धरली. वाचत होते असं समजायचं.

"आनि हा जो तुजा चाकर, चुकला आसंल, कुनाची डिश तोडली आसंल, त्येला पदरात घे. त्येची घरची वाट मोकळी कर. पुनवंला तुज्या पायाशी त्येलाच उबा कर, आनि जो कोन ह्यात आडवा येल, त्येला तू बगून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, तर सदूचा. हात जोडून, डोळे मिटून, जन्मभराच्या सवयीने. म्हणून झालं आणि मग त्याने डोळे उघडले. आपण काय म्हणून बसलो ते त्याच्या चेहऱ्यावर एकेक अक्षर करत उतरलं. 

सखू शांतपणे म्हणाली, "भावोजी, तुमी व्हय म्हनलंव."

गाऱ्हाण्यात म्हटलेलं 'व्हय' मागे घेता येत नाही. घेतलंच, तर शेवटच्या ओळीत देवाला काय काम सांगितलंय ते सगळ्यांनी ऐकलं होतं. सदूने खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं, आणि म्हणाला, "मी कुटं न्हाय म्हनतोय? जीप आनलीच हाय."

साहेब खाली बसले, टाय सारखा केला आणि इंग्रजी शोधायला लागले. ते काही लगेच सापडेना. शेवटी मराठीतच म्हणाले, "डॉक्टर, तुमचं मत काय?"

डॉक्टर म्हणाले, "आवाज आला तर उत्तर देत नाही. गोळी चुकवत नाही. आणि गाऱ्हाणं..." त्यांनी साहेबांकडे बघितलं. "गाऱ्हाणं हे भ्रमाचं लक्षण धरलं, सर, तर मला आत्ता तुम्हालाही भरती करून घ्यावं लागेल."

"सोडा त्याला," साहेब म्हणाले.

मी विचारलं, "सर, मग माझा मेमो?"

"तो राहू दे," साहेब म्हणाले. "शिस्तीचा भाग आहे."

नातेसंबंध सप्ताहाचं पहिलं बक्षीस बायकांच्या वॉर्डाला मिळालं, रांगोळीसाठी.

भागोजी निघाला तेव्हा मी सखूला गोळ्या समजावल्या, झोप उडाली की लगेच फोन कर म्हणून सांगितलं. वॉचमनने कोयता परत द्यायला काढला. सखू म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. नारळ चांगलं सोलताव." भागोजी जीपमध्ये बसताना म्हणाला, "सिस्टर, तिकडं गेल्यावर रेडिओ मोटा झाला तर?"

"तर मला फोन करा."

"रेंज नसते आमच्याकडं."

"मग देवाला सांगा, मला कळवायला."

"त्येच्याशी बोलायचं बंद केलंय म्हनून तर सुटलो," तो म्हणाला आणि मिशीत हसला.

रविवारी दुपारी सखूचा फोन आला. रेंज होती. तिने नुसता फोन वर धरला. ढोल, गलका, आणि मग ढोल थांबून तो आवाज. वरची वाडी, खालची वाडी, मुंबईचे चाकरमानी, आटलेल्या म्हशी, कुणीही सुटलं नाही. आणि शेवटी:

"आनि तुज्या ह्या चाकराला रत्नांग्रीच्या सिस्टरनं जी काय रोजची गोळी लावून दिल्यान, ती जर का तो घ्यायला इसरला, तर त्येला आटवन करून दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

पुढच्या महिन्यात ओपीडीला भागोजी आला, सदूच्याच जीपमधून. अंगाने भरलेला, पण चेहरा त्रासलेला. डॉक्टरांसमोर बसला आणि म्हणाला, "डाक्टर, कायतरी करा. गाराण्यात गोळीचं बोललो, ती चूक झाली. सगळा गाव व्हय म्हनून बसलाय. आता कोन सोडत न्हाय. पान्यावर गेलो, 'भागोजी, गोळी घेतलीस काय?' दुकानात गेलो, 'गोळी घेतलीस काय?' वरच्या वाडीवाले तर मुद्दाम उतरून येतात. हा सदू रोज राती दारात उबा ऱ्हातो. गोळी गिळेपत्तूर हालत न्हाय."

"देवाला व्हय म्हनलोय मी," सदू दारातून म्हणाला. "मला बगून घेतलान तर?"

"आणि तो आवाज?" डॉक्टरांनी विचारलं.

"तो येतो मधनंमधनं. पन ह्यांच्या गलक्यात त्येचं कोन ऐकतंय? आदी येक आवाज येत व्हता, डाक्टर. आता अख्ख्या गावाचे येतात. ह्येच्यावर काय गोळी हाय काय?"

डॉक्टर ऋत्विकांनी माझ्याकडे बघितलं, मग भागोजीकडे.

"बघूया," ते म्हणाले.